खिडक्यांचा भाव

सकाळपासून जो भेटला त्याने देस्पिना लेक्कासला एकच विचारलं होतं: भौतिकशास्त्र सोडून इकडे का? पहिल्याला तिने "मला कोडी आवडतात" असं शहाण्यासारखं उत्तर दिलं. दुसऱ्यालाही तेच दिलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिला खरं उत्तर ओरडून सांगावंसं वाटायला लागलं होतं. तुम्ही पगार देता म्हणून. पल्सार देत नाहीत.

पल्सार म्हणजे ठेक्यात लुकलुकणारे मेलेले तारे. त्यांचे ठोके मोजण्यात तिची सात वर्षं गेली. डॉक्टरेट झाली, आणि मग तीन-तीन महिन्यांची मुदतवाढ सुरू झाली. जूनमध्ये तीही संपत होती. पुढे दोनच वाटा होत्या: सिडनीतली ही शेअर-सौद्यांची कंपनी, नाहीतर फिनलंडमध्ये दोन वर्षं संशोधन. ऑगस्टमध्ये आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं आणि आईला दुसरं कोणी नव्हतं. त्यामुळे ही नोकरी मिळायलाच हवी होती.

मार्टिन प्लेसच्या बाकावर, कचऱ्यात चोच घालणाऱ्या आयबिस पक्ष्यावर एक डोळा ठेवून ती सुशी रोल खात होती, तेवढ्यात तिच्या प्राध्यापकांचा फोन आला.

"देस्पिना, परीक्षकांना आपल्या शोधनिबंधातल्या त्या आकृत्या नव्याने हव्यात. म्हटलं, तुलाच विचारावं."

"नेव्हिल, मी मुलाखतीला आलेय."

"हो हो, माहीत आहे. आज नाही म्हणत मी."

"बरं, रविवारी करून..."

"छान, ठरलं," म्हणून त्यांनी फोन ठेवलासुद्धा.

नेव्हिलचं हे 'ठरलं' कायम तिचं वाक्य संपायच्या आत यायचं. पहिल्या वर्षाच्या मुलांची प्रयोगशाळा असो, नाहीतर दुसऱ्याच्या निबंधातल्या चुका काढणं असो, "मी बघू का?" असं तिने म्हणायचा अवकाश. इतकी वर्षं तिला वाटायचं, काय सज्जन माणूस आहे, कधी घासाघीस म्हणून करत नाही.

शेवटच्या फेरीला समोर रोरी टिंडल बसला होता. एकेकाळी तो नेव्हिलच्याच प्रयोगशाळेत तिच्या शेजारच्या टेबलावर असायचा. आता अंगावर भौतिकशास्त्राची एकच खूण उरली होती, फाटकं दप्तर. त्याने तिच्यापुढे सोंगट्यांचा ढीग सरकवला.

"या इमारतीला खिडक्या किती? दोन भाव सांग. कितीला घेशील, कितीला विकशील. शेवटी खरा आकडा फोडायचा, फरक सोंगट्यांत चुकवायचा."

तिने मजले धरले, बाजू धरल्या, चूक किती होऊ शकते तेही धरलं. "चौदाशेला घेईन, पंधराशेला विकेन."

"पंधराशेला घेतलं. आता भाव?"

"तोच."

"घेतलं. आता?"

"तोच, रोरी. हिशेब केलाय मी."

"घेतलं."

तो घेत राहिला आणि ती विकत राहिली. शेवटी त्याने आकडा फोडला: एकवीसशे. आतल्या चौकाकडे उघडणाऱ्या खिडक्या तिने धरल्याच नव्हत्या. ढीग सगळा त्याच्याकडे गेला.

"खिडक्या सुटल्या, ठीक आहे," रोरी म्हणाला. "पण मी वेड्यासारखा घेतोय हे दिसत असून तू भाव हलवला नाहीस."

"तुझ्या घेण्याने खिडक्या वाढतात का?"

"मला काहीतरी माहीत असेल, असं नाही वाटलं? गेल्याच आठवड्यात खिडक्या पुसणाऱ्यांचं बिल मी पाहिलंय."

"ही तर लबाडी झाली."

"हाच धंदा आहे, बाई."

देस्पिनाचं डोकं फिरलं. पल्सारला आपण बघतोय की नाही याचं काही सोयरसुतक नसतं. तो आपल्याला चुकवायला ठोका पुढेमागे करत नाही. सात वर्षं अशा सरळ मंडळींत काढल्यावर समोरच्याच्या पोटात काय आहे हे तिने ओळखायचं तरी कसं? आता फिनलंडचे लोकरी मोजे घ्यावे लागणार, आणि आईला काय तोंडाने सांगणार, हेही तिच्या मनात येऊन गेलं.

"बाकीच्या फेऱ्या उत्तम झाल्यात तुझ्या," रोरी कागद चाळत म्हणाला. "पगाराची अपेक्षा?"

तिने घरून ठरवून आणलेला आकडा सांगितला. विद्यापीठाच्या दुप्पट. ठरवतानाच तिला हावरटपणा वाटला होता. "अर्थात, थोडं कमी असलं तरी..."

"ठरलं," रोरी म्हणाला.

तोच शब्द, तीच घाई, आणि वाक्य पुन्हा अर्धवटच. तिला खिडक्या आठवल्या आणि नेव्हिल आठवले. मग गेलेले सगळे रविवार आठवले, आणि तिला नेव्हिलचा नाही, स्वतःचाच भयंकर संताप आला.

"नाही," ती म्हणाली. "भाव बदलला."

"आत्ता तर सांगितलास."

"तू घेतलास म्हणून बदलला."

तिने नवा आकडा सांगितला. तो इतका मोठा होता की सांगताना तिचा आवाज चिरकला. रोरीने पेन खाली ठेवलं. तिला आईचा गुडघा दिसत होता, पण तिने आकडा खाली आणला नाही.

"वर विचारावं लागेल," तो उठत म्हणाला.

"विचार. मी बसलेय."

ती बसून राहिली. समोरच्या कॉफीचा पहिला घोटही झाला नव्हता. फोनवर नेव्हिलचा निरोप आला, रविवारचं नक्की ना. तिने फोन पालथा घातला.

दार उघडून रोरी आत आला.

"हो म्हणाले."

"लगेच?" देस्पिनाने विचारलं.