वडाने टाकलेलं सूत

दुर्गाघाटाच्या वरच्या गल्लीतला वड सूत गिळत असे. वटपौर्णिमेला बाईने मागितलेला नवरा वडाला मंजूर असला, की साल सूत आत ओढून घेई. नसला, तर सूत सुटून खाली पडे. याचं कुणाला नवल नव्हतं. सहाला नळ येतो, वड सूत गिळतो. काशीत राहायचं तर एवढं धरूनच चालावं.

इंदूबाईंचं सूत एकेचाळीस वर्षं बिनबोभाट गेलं होतं. बोभाटा असायचा तो नवऱ्याचा. दिनानाथराव रेल्वेतले निवृत्त गार्ड. भाजीला जायचं झालं तरी "निघू?" असं विचारत आणि बायकोने हात हलवल्याशिवाय उंबरा ओलांडत नसत. "साती जन्म हेच ध्यान! काय मेलं नशीब," असं पुटपुटत इंदूबाई दरवर्षी फेऱ्या घालत.

यंदा सूत पडलं. पुन्हा गुंडाळलं, पुन्हा पडलं.

पारावर बसलेल्या ढुंढिराज गुरुजींनी ते उचलून पाहिलं. "वहिनी, तुमचे सात झाले. हा सातवा. आजवरचं सूत याच जन्माचं होतं; यंदाचं पुढच्याचं, ते वड घेत नाही."

"सुटले बाई एकदाची!" इंदूबाई म्हणाल्या, आणि तिथेच पारावर बसून ढसाढसा रडल्या. पुढच्या जन्मी त्या माणसाला 'निघा' म्हणून कोण सांगणार? उभे राहतील की उंबऱ्यात, खुळ्यासारखे!

गुरुजींना उपाय ठाऊक होता. इथल्या बायका वड पुजतात अमावास्येला. आपल्या मराठी बायका त्यानंतर पंधरा दिवसांनी, पौर्णिमेला. "अमावास्येला या, इथल्यांसारख्या होऊन. वडाला वाटेल, नवीन बाई आली."

पण यंदाची अमावास्या होऊन गेली होती, आणि दिनानाथरावांचं हृदय दिवाळीही काढायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं.

इंदूबाई तडक घरी आल्या. "अहो, पुढच्या वर्षीच्या वडाच्या अमावास्येपर्यंत मरायचं नाही."

"बरं," दिनानाथराव म्हणाले, आणि त्यांनी ते डायरीत टिपून ठेवलं.

दिवाळी गेली, होळी गेली. डॉक्टर येत, नाडी बघत आणि चहा पिऊन जात.

अमावास्येला इंदूबाईंनी पदर उजव्या खांद्यावरून पुढे घेतला, भांगात नारिंगी शेंदूर भरला आणि खरबूज नि पंखा घेऊन रांगेत उभ्या राहिल्या.

"अम्मा, पहली बार?" रांगेत पुढे उभ्या असलेल्या तरुण बाईने विचारलं.

"हाँ बिटिया, पहली बार," इंदूबाईंनी वडादेखत ठोकून दिलं.

सूत गुंडाळलं. वडाने जरा वेळ घेतला. इतक्या वर्षांची ओळख, त्याला कळलं नसेल असं नाही. मग साल हलली आणि सूत आत गेलं.

घरी दिनानाथराव इस्त्रीचा सदरा घालून खुर्चीत बसले होते. ओठ निळे पडले होते.

"झालं?"

"झालं."

"मग निघू?"

इंदूबाईंचा हात काही वर होईना. "प्रसादाचं खरबूज आहे," त्या म्हणाल्या. "खाऊन जा."

त्यांनी दोन फोडी खाल्ल्या. तिसरी इंदूबाई सावकाश, एकेक बी काढत, कापत बसल्या.