नोगाट बाईंची कमान

“हात मांड्यांखाली घेतले,” सालोमे म्हणाली. “आता विमान तुझं.”

आज ओबेदची परीक्षा होती. समोर दोन डोंगरकड्यांच्या मधे त्याचं गाव दिसायला लागलं होतं. लाल छपराचं चर्च, उतारावर पसरलेले रताळ्यांचे वाफे, आणि वाळत घातलेल्या जुन्या चटईसारखी ती चारशे मीटरची धावपट्टी. खालच्या टोकाला दरी, वरच्या टोकाला डोंगर. उतरायचं ते चढ चढत आणि उडायचं ते उतारावरून, दुसरी सोय नाही.

हात मांड्यांखाली दाबून बसायची सालोमेची खोड जुनी होती. एकोणीस वर्षं ती मिशनच्या वैमानिकांना डोंगरातल्या धावपट्ट्या शिकवत होती. शिकवणाऱ्याचे हात मोकळे असले की ते चुळबुळतात, आणि ते चुळबुळले की शिकणारा आपलं डोकं बंद करून बसतो, असं तिचं म्हणणं. मुलं तिच्याकडे येत तेव्हा त्यांना विमान उडवता येत असे, उतरवताही येत असे. तिला त्यांना शिकवायचं असे ते न उतरणं.

त्यासाठी तिची एक रीत होती. प्रत्येक धावपट्टीच्या अलीकडे एक खूण ठरवायची. झाड, खडक, धबधबा, काहीही. त्या खुणेपुढे गेलं की वळायला जागा नाही, मग जे होईल ते होवो, उतरावंच लागतं. म्हणून खूण येण्याआधी मोठ्याने बोलायचं, ‘उतरतो’ किंवा ‘जातो’. तिसरा शब्द नाही. ‘बघू’, ‘जमेलसं वाटतंय’, ‘देवाची इच्छा’ असलं काही जो बोलला, त्याच्या हातात ती परत गेल्यावर हँगर झाडायचा झाडू द्यायची. अकरा जणांना तिने साफ नापास केलं होतं. त्या अकरा जणांच्या कुळांनी तिच्या नावाने बोटं मोडली होती, आणि डोंगरात तिचं नाव पडलं होतं नोगाट बाई. नोगाट म्हणजे नाही. तिला ते नाव ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

सकाळी निघताना ऑफिसातला विल्सन मुद्दाम वजनकाट्यापाशी येऊन उभा राहिला होता.

“आज तरी नाही म्हणू नकोस, बाई,” तो म्हणाला. “तीन वर्षं बंद पडलेली पट्टी. दरड कोसळली ती त्या लोकांनी चौदा महिने फावड्यांनी उपसली. आज तुम्ही दोघं उतरून तपासलीत तर ती यादीत राहते. नाहीतर महिनाअखेरीला कायमची कटाप. मग ना औषध, ना डॉक्टर, आणि अडलेल्या बाईला चार दिवसांची डोंगरवाट.”

“यादी तुझी, पट्टी डोंगराची,” सालोमे काट्यावर चढत म्हणाली. “मी दोघांचीही मिंधी नाही.”

“अशीच बोलत राहा. तू मेलीस ना, तर रडायला एक माणूस यायचं नाही. नापास केलेली पोरं तेवढी खुशीत डुक्कर कापतील.”

“कापू देत की. कुणाचं तरी पोट भरेल.”

ती हसली, पण ते बोलणं तिला लागलं. तिचं गाव समुद्रकाठचं, इथे डोंगरात ती परकीच. लग्न केलं नव्हतं. आई गेली त्या दिवशी ती अशाच एका मुलाची परीक्षा घेत होती. घरी पोचली तोवर पाच दिवस उलटले होते, रडणाऱ्या बायका उठून आपापल्या कामाला लागल्या होत्या, आणि एकटीने रडायचं कसं ते तिला कुणी शिकवलं नव्हतं.

निघण्याआधी विमानापाशी उभं राहून तिने रोजची प्रार्थना केली. “देवा, डोळे उघडे ठेव. आमेन.” कुणाचे डोळे, ते ती सांगत नसे.

आता ओबेदने रेडिओ उचलला. धावपट्टीच्या कडेच्या झोपडीत तोबिया बसलेला असे. हवा सांगायची, पट्टी सांगायची, हे त्याचं काम.

“तोबियाकाका, पट्टीवर काय आहे?”

“काही नाही रे बाबा. डुक्कर नाही, कुत्रं नाही, पोर नाही. चार कुळांची माणसं आलीत, सगळ्यांना दोरीमागे बसवलंय. वारा नाही.”

सालोमे मधेच बोलली. “वाटेत काही आहे का, तोबिया?”

“वाटेत काय असणार, बाई? या तर खरं, मग बघाल.” त्याच्या मागे कुणीतरी खुदकन हसलं.

ते हसू सालोमेला आवडलं नाही. पण ती गप्प राहिली, कारण विमान ओबेदचं होतं. त्यांची खूण होती कड्यावरचं वाकडं सुरूचं झाड. ओबेदने वळण घेतलं, वेग कमी केला, नाक पट्टीच्या खालच्या टोकावर धरलं. सगळं कसं पुस्तकात लिहावं तसं. आणि मग दोघांनाही एकदमच दिसलं.

पट्टीच्या खालच्या टोकाला, जिथे चाकं टेकायची बरोब्बर तिथे, कमान उभी होती. तीन पुरुष उंचीचे बांबू, त्यांवर नेच्याची पानं, लाल पानांचे झुबके आणि केशरी फुलं. मोठा पाहुणा आला की या खोऱ्यात अशी कमान उभारतात. आजवर बिशप आले, मंत्री आले, ते सगळे विमानातून उतरून पायी चालत कमानीतून आत गेले. पण आजचा पाहुणा, म्हणजे ओबेद, स्वतः विमान घेऊन येणार होता. मग तो गावात शिरणार कुठून, तर पट्टीच्या तोंडातून. म्हणून कमान तिथे. मोठ्या प्रेमाने आणि बारकाईने विचार करून त्यांनी ती नेमकी तिथे बांधली होती.

सालोमेच्या डोक्यात आकडे आपोआप मांडले गेले. कमानीवरून गेलं तर चाकं शंभर-सव्वाशे मीटर पुढे टेकतील. चढ आहे, थांबेल. तिच्या हातांनी थांबेल. ओबेदच्या हातांनी कदाचित. दोरीमागे माणसं नाचत होती, आणि ओबेदचा बाप पोकोन पिसांचा मुकुट घालून पुढे उभा होता. सुरूचं झाड जवळ येत होतं. मांड्यांखाली तिची बोटं वळवळायला लागली तशी तिने अंगाचा सगळा भार त्यांच्यावर टाकला. हा मुलगा ‘उतरतो’ म्हणाला असता तर विमान तिला हिसकावून घ्यावं लागलं असतं, आणि तो बारावा झाला असता.

“जातो,” ओबेद म्हणाला.

त्याने इंजिनाला पुरी ताकद दिली आणि विमान डावीकडे दरीत वळवलं. सुरूचं झाड पंखाच्या बाहेरून मागे गेलं. त्याच्या कपाळावर घाम होता, आवाजात नव्हता.

रेडिओवर आधी गलका ऐकू आला. मग तोबियाच्या हातातून रेडिओ पोकोनने घेतला असावा.

“कुणी वळवलं विमान?”

ओबेदने सालोमेकडे पाहिलं. तिला सगळं समजलं. चार कुळांसमोर बापाने केलेलं स्वागत मुलाने पाठ फिरवून नाकारलं, ही लाज पोकोनला जन्मभर पुरली असती. नोगाट बाईने वळवलं म्हटलं असतं तर सगळेच सुटले असते. एकोणीस वर्षं ती अशीच शिव्या खात आली होती, आणखी एका खोऱ्याने दिल्या तर काय बिघडणार होतं? तिचा एक हात मांडीखालून निघून रेडिओपर्यंत गेलाही.

मग तिने तो परत आणला. “तुला विचारलंय,” ती म्हणाली.

ओबेदने रेडिओ तोंडाशी धरला. “मी वळवलं, बा. बाई काही बोलल्या नाहीत. कमान काढा, मी परत येतो.”

“काय बोललास?”

“कमान वाटेत आहे, बा. उतरता येत नाही.”

“अकरा दिवस बांधतोय ती. तुझ्या आईने फुलं ओवलीत.” पोकोनचा आवाज चढला आणि मग एकदम खाली आला. “आणि तुला ठाऊक नाही का रे? पाहुणा आत यायच्या आधी त्याची कमान पाडायची म्हणजे त्याचं मरण मागायचं. माझ्या हाताने पाडू? तुझी?”

ओबेदलाही ते खरंच वाटत होतं. तोही त्याच मातीतला. दर रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारा पोकोनही त्याच मातीतला. दरीतून ढग वर यायला लागले होते. आणखी वीस मिनिटं घिरट्या घालण्यापुरतंच इंधन होतं. विल्सनची यादी, चौदा महिन्यांची फावडी, चार दिवसांची वाट, सगळं त्या बांबूंना येऊन अडकलं होतं.

सालोमेने आता रेडिओ उचलला, आणि या वेळी परत ठेवला नाही.

“पोकोन, मी सालोमे. या विमानात मुख्य कोण?”

“तू. शिकवणारी तू.”

“म्हणजे तुमचा मुख्य पाहुणा मी. ओबेद घरचाच पोर आहे, घरच्या पोराला कोण कमान बांधतं? ती कमान माझी.”

तिने उत्तराची वाट पाहिली नाही.

“लोकांना मोठ्याने सांगा, ही कमान समुद्रकाठच्या सालोमेची,” ती म्हणाली. “आणि मग पाडा.”

“बाई, तुला कळतंय का काय मागतेस?”

“चांगलं कळतंय. माझं मरण कुणाच्या हातात आहे ते मला ठाऊक आहे, ते तुमच्या बांबूत बसलेलं नाही. आणि असलंच तर बसू दे. एवढी वर्षं सगळ्यांना नाही म्हणत आले, त्यालाही म्हणेन. कोयता घ्या, ढग येताहेत.”

ओबेद हळूच म्हणाला, “मावशी, असं नका करू.”

“तू खूण बघ,” सालोमे म्हणाली आणि हात परत मांड्यांखाली घेतले. तिने आयुष्यात असल्या गोष्टींना भीक घातली नव्हती, तरी नजर पुन्हा पुन्हा त्या कमानीकडे जात होती, आणि तिला स्वतःचाच राग आला.

दुसऱ्या फेरीत वरून दिसलं, पोकोन एकटाच खाली उतरला. मुकुट काढून त्याने गवतावर ठेवला आणि कोयत्याने एकेक बांबू तोडला. माणसांनी ती फुलांची रास ओढून बाजूला नेली. कुणी नाचत नव्हतं.

“उतरतो,” ओबेद म्हणाला, झाडाच्या बऱ्याच आधी. चाकं जिथे टेकायला हवी होती तिथेच टेकली.

विमान थांबलं तशी गर्दी ओबेदकडे धावली. त्याला खांद्यावर घेतलं, मानाने अंगाला डुकराची चरबी लावली. सालोमे दार उघडून खाली उतरली, तर तिच्याकडे कुणी बघेना. नजर जाताच माणसं मान वळवत. ती कामाला लागली. पट्टी चालत वरपर्यंत गेली, टाचेने माती दाबून पाहिली, चर तपासले, कागदावर खुणा केल्या. काम चोख होतं. मग विमानाच्या पंखाच्या सावलीत चाकाला टेकून बसली आणि पिशवीतलं गार रताळं काढलं.

तेवढ्यात म्हाताऱ्या बायका आल्या. बारा-चौदा असतील. तोंडाला, हातांना, छातीला पांढरी माती फासलेली, जशी मयताला फासतात. त्या तिच्याभोवती कोंडाळं करून बसल्या आणि रडायला लागल्या. उगीच खोटं नव्हे, पोटातून. एक म्हणे, समुद्राकडून आलीस गं बहिणी, आमच्या डोंगरात एकटी गेलीस. दुसरी म्हणे, आमच्या पोराचं मरण पदरात घेतलंस, आता तुझ्या चुलीला कोण फुंकणार?

ओबेद घाईघाईने आला. “मावशी, उठवू का त्यांना? वेड्यासारखं करताहेत.”

“खबरदार,” सालोमे म्हणाली. “रडू दे. त्यांना चांगलं रडता येतं.”

पोकोनने केळीच्या पानावर डुकराचा तुकडा आणला आणि तिच्यासमोर जमिनीवर ठेवला. तो मेलेल्याचा वाटा, त्याला कुणी हात लावत नाही. सालोमेने पान मांडीवर घेतलं आणि खायला सुरुवात केली. बायका रडायच्या थांबल्या. मेलेल्याला आपला वाटा खाताना त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं. मग त्यांतली सगळ्यात म्हातारी पुढे सरकली, सालोमेचा उजवा हात आपल्या मातीने भरलेल्या हातांत घट्ट धरला, आणि सगळ्यांनी पहिल्यापेक्षा मोठ्याने रडायला सुरुवात केली. सालोमेही रडली. आईसाठी रडायचं राहून गेलेलं तिने तिथे बसून रडून घेतलं, आणि ढग पट्टीपर्यंत पोचायच्या आत ओबेदला विमान सुरू करायला सांगितलं.

दुपारी ऑफिसात विल्सनने कागद उलटसुलट करून पाहिले. पट्टी यादीत, ओबेद पास. पण ओबेदच्या कागदावर, सहीच्या शेजारी, पांढऱ्या मातीचा अख्खा अंगठा उमटला होता.

“हा कागद खराब झालाय, बाई,” विल्सन म्हणाला. “दुसरा भरून दे.”

“नोगाट,” सालोमे म्हणाली.