डेल्फिनोचं नाक

सप्टेंबर लागला की एलोइसाच्या हॉटेलामागे मिरच्या भाजायचं जाळीचं पिंप गरगरायला लागे, आणि त्या धुराचा वास पार नदीपर्यंत जाई. नव्या मिरचीची पहिली थाळी यायची ती म्हाताऱ्या डेल्फिनोच्या पुढ्यात. एलोइसाच्या वडिलांच्या वेळेपासूनचा हा रिवाज. डेल्फिनोचा जन्म मिरचीच्या शेतात गेलेला. नुसता वास घेऊन तो मिरची कशी उतरलीय ते सांगे, आणि त्याचा शब्द म्हणजे सगळ्या खोऱ्याचा शब्द.

यंदा वसंतात त्याला मोठा ताप आला. ताप उतरला, पण जाताना नाक घेऊन गेला. कॉफी म्हणजे नुसतं कडू गरम पाणी झालं. पाऊस पडून गेल्यावर वाळवंटाला जो वास सुटतो, तोही येईना. डेल्फिनोने हे कुणाला सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही. ज्याच्या नाकाची गावभर ख्याती, त्याने नाक गेलं म्हणून सांगायचं तरी कुठल्या तोंडाने?

शुक्रवारी संध्याकाळी तो बायको निंफा, मुलगा रुबेल आणि सून जनेल यांच्याबरोबर नेहमीच्या खिडकीपाशी बसला. एलोइसा स्वतः थाळी घेऊन आली. हिरव्या मिरचीच्या रश्शात बुडालेले, मक्याच्या पोळीत सारण गुंडाळलेले एन्चिलाडा, वर वितळलेलं चीज.

"काका, आधी तुम्ही," ती म्हणाली. तिचा आवाज जरा दबलेला होता.

डेल्फिनोने घास घेतला. जीभ चांगली चुरचुरली. तेवढंच काय ते त्याला कळे.

"वा!" तो जोरात म्हणाला. "काय भाजलीयस पोरी! धूर कसा घासाघासात उतरलाय. बापालाही मागे टाकलंस!"

एलोइसाचा चेहरा खर्रकन उतरला. "काका, नाही आवडली तर सरळ सांगा. सगळ्यांसमोर टोमणे कशाला?" असं म्हणून ती डोळे पुसत आत निघून गेली.

"काय बाबा हे!" रुबेल म्हणाला. "धुराचा मागमूस तरी आहे का याला? तिचं पिंप मोडलंय. बिचारीनं गॅसच्या भट्टीत भाजल्यात. आधीच घाबरली होती ती."

डेल्फिनोने काटा खाली ठेवला. या पोरीला त्याने अंगाखांद्यावर खेळवलं होतं. तो उठला आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला.

"एलोइसा, टोमणा नव्हता गं तो. मला वासच येत नाही. त्या तापापासून. लाज वाटली म्हणून थाप मारली."

एलोइसाने हातातलं फडकं खाली टाकलं. मग पुढे होऊन तिने त्याचा हात धरला. "मला तरी सांगायचं, काका."

"तुला तरी?" मागून आवाज आला. निंफा कधी येऊन उभी राहिली होती कोण जाणे. "म्हणजे मी केलेलं मक्या-मांसाचं पोसोले वसंतापासून नुसतं गिळतोयस तू?"

डेल्फिनोने होकारार्थी मान हलवली.

"जन्मभर नावं ठेवलीस माझ्या हाताला. मीठ कमी, ओरेगॅनो शिळा. आणि इतक्या महिन्यांत एक शब्द नाही! मला वाटलं, म्हातारपणी का होईना, सुधारला मेला. चर्चमध्ये जाऊन मेणबत्ती लावली मी!" बोलता बोलता तिच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. "एकट्यानं काढलंस सगळं?"

"काय सांगणार होतो? तू रडली असतीस."

"मग आत्ता काय करतेय?"

एलोइसाने दोघांना धरून टेबलाशी आणलं. जनेलने ओळखीच्या डॉक्टरणीचं नाव सांगितलं. काही जणांना वास हळूहळू परत येतो म्हणाली, काहींना नाही. डेल्फिनोने ऐकून घेतलं. छातीवरचा धोंडा मात्र उतरल्यासारखा झाला होता.

गरम सोपापिया आल्या, पुरीसारख्या टम्म फुगलेल्या. निंफाने एक फोडली, आत मध सोडला आणि वाफ नाकाशी नेली.

"ऐक. तळलेल्या कणकेचा वास आहे. आणि मध रानफुलांचा."

"रानफुलांचा कुठला, आई?" रुबेल म्हणाला. "बाभळीच्या फुलांचा आहे!"

"तुला काय कळतंय? गप बस!"

दोघांची जुंपली. डेल्फिनो त्यांच्याकडे आळीपाळीने पाहत राहिला, मग निंफाच्या हातातला तुकडा घेऊन त्याने तोंडात टाकला. कुरकुरीत, गरम, गोड.

"दोघंही चुकताय. मध गोड आहे, बस्स," तो म्हणाला, आणि मधाची बाटली स्वतःकडे ओढली.