राईबाहेरून गेलेली रेघ

या, असे जवळ सरका. मागच्यांनाही बसायला जागा करून द्या. आज एका साध्या माणसाची गोष्ट सांगायची आहे. तो कधी गाव सोडून कुठे गेला नाही, त्याचे नाव कुठे छापून आले नाही. लोकांच्या पुढे चालून वाट दाखवणे एवढेच त्याला येत होते. आणि एके दिवशी गावाने त्यालाच विचारले, बाबा, यापुढे वाट कोणी दाखवायची ते तूच सांग.

त्या सकाळी धनीराम पळसटोल्याच्या समाजमंदिरासमोर दोन्ही हातांत दोन यंत्रे घेऊन उभा होता. उजव्या हातातले लहान, बटनांचे, साबणाच्या वडीएवढे. डाव्या हातातले मोठे, काचेचे, बोट लागताच जागे होणारे. पूजेचा नारळ निवडावा तशी दोन्ही त्याने कानाजवळ नेऊन हलवून पाहिली. ती यंत्रे एका दिवसासाठी घेऊन आलेला भंडाऱ्याच्या दुकानातला कैलाश हसायला लागला.

"आतून आवाज नाही येत," धनीराम म्हणाला. "मंग हे बोलते कोनासंग?"

कैलाशने आकाशाकडे बोट दाखवले. वर उपग्रह फिरतात, त्यांतले निदान चार दिसले की यंत्र आपली जागा सांगते, असे त्याने समजावले. धनीरामच्या शंका काही संपेनात. ते दिवसाही असतात का? मोहाच्या दाट पानांखालून त्यांना माणूस दिसतो का? आभाळ आले तर? तिघे एक म्हणाले आणि चौथा दुसरेच म्हणाला तर? कैलाश सांगत होता आणि हा साठीतला माणूस मान वर करून, तोंड उघडे ठेवून, रिकाम्या निळ्या आभाळात ते चार साक्षीदार शोधत होता.

आता हे प्रकरण काय ते सांगितले पाहिजे. सानगडीच्या पलीकडे जंगलाला टेकलेले हे पळसटोला. गावाला आपल्या जंगलावर सामूहिक वनहक्क मागायचा होता. त्यासाठी हद्दीवरून चालत जाऊन तिची रेघ यंत्रात उतरवायची आणि नकाशा सोमवारपर्यंत कचेरीत द्यायचा. पुढेही दरसाल तीच रेघ धरून राखण करायची. समितीला एकच यंत्र घेता येत होते. साधे, नुसती रेघ काढणारे घ्यावे की त्याच्या तिप्पट किमतीचे, नकाशावर वाट दाखवणारे मोठे, यावर दोन बैठका झाल्या. शेवटी अध्यक्ष भैय्याजींनी निकाल दिला, की दोन्ही घेऊन एक दिवस चाला, धनीराम म्हणेल ते घेऊ.

धनीराम म्हणेल ते. हे शब्द त्याच्या वाट्याला फार वेळा आले नव्हते. दीड एकराचा धानकरी तो. बैठकीत मागे भिंतीला टेकून बसायचा, लग्नात तिसऱ्या पंगतीला जेवायचा. पण फागुनात, मोह गळायच्या आधी, गाव जंगलाच्या हद्दीवरचा पालापाचोळा झाडून जाळरेषा काढायचे, म्हणजे बाहेरचा वणवा आत येत नसे. तो एक दिवस धनीरामचा. अठ्ठावीस वर्षे तो त्या रांगेच्या पुढे चालत आला होता. जिथे वाट फुटायची तिथे खुद्द भैय्याजी थांबून विचारायचे, "धनीराम, आता कुनीकडं?" त्या एका प्रश्नावर तो वर्षभर जगायचा.

त्याच्या बायकोला, रुखमाला, हे ठाऊक होते. डब्यात भात आणि लाखोरीची डाळ भरताना तिने त्याला सकाळीच बजावले होते, "मोठ्याले बरं म्हनू नका, सांगून ठेवते. ते घरात आलं का तुमाले कोन विचारन?"

 तिच्या मनात आले ते त्याच्या मनात आधीच येऊन बसले होते.

तिघे निघाले. धनीराम, कैलाश आणि समितीची सचिव उर्वशी. उर्वशी गावची सून. माहेर सिहोऱ्याकडचे, त्यामुळे धानाची बांधी नि बांधी, म्हणजे खाचर नि खाचर, ओळखणारी, पण जंगलात गेली की दहा पावलांवर मागे वळून पाहणारी. फाइल तिच्याकडे, सही तिची, म्हणून ती आली. धनीरामला ती, सासऱ्याला म्हणतात तसे, मामाजी म्हणायची.

अर्ध्या कोसात धनीरामने लहान यंत्राची खोड ओळखली. तो थांबला की त्यातला बाण भरकटायचा, चालू लागला की सरळ व्हायचा. कैलाशने सांगितले की हे चालत असतानाच दिशा सांगते. मोठ्यात वेगळे होकायंत्र आहे, ते उभ्याउभ्याही सांगते.

"माह्यासारखंच हाये हे," धनीराम खुशीत म्हणाला. "बसून विचारलं तं मलेही नाही सांगता येत. पाय चालले का डोस्कं चालते."

"मंग तुमचेही सेल बदलून घ्या मामाजी," उर्वशी म्हणाली. "चढावर दम लागून राहिला तुमाले."

दुपारपर्यंत लहान्याचेच पारडे जड झाले. त्याचे सेल सानगडीच्या कोणत्याही किराणा दुकानात मिळणारे. मोठे विजेवर चार्ज करावे लागणार, आणि पळसटोल्यात वीज पाहुणीसारखी येते. घामेजल्या बोटाने मोठ्याची काच भलतीकडेच उडी मारायची. कैलाश सरळ मनाचा होता. तोच म्हणाला, तुमच्यासारखा वाटाड्या पुढे असताना गावाला साधे यंत्र पुष्कळ झाले. हे ऐकून धनीरामची चाल इतकी वाढली की त्या दोघांना त्याच्यामागे धावावे लागले.

मग हद्दीवरची, देवाच्या नावाने राखलेली वाघदेवाची राई आली. बाकी जंगलात कोणी चुलीसाठी काडी तोडेल, मोह वेचेल, पण या राईतले वाळके पानही कोणी उचलत नाही. राईतून जाताना माणसाने अनवाणी जायचे, आणि विकत घेतलेली कोणतीही वस्तू हातात ठेवायची नाही, अशी तिथली रीत. वहाणा, कुऱ्हाड, तंबाखूची डबी, मोबाइल, सगळे टोपलीत टाकायचे. एकाने ती टोपली डोक्यावर घेऊन राईच्या अलीकडच्या, गावाकडच्या गाडरस्त्याने पलीकडच्या टोकाला जायचे. बाकीच्यांनी राईच्या आतून, हद्दीच्या कडेने वळसा घालून, देव उजव्या हाताला ठेवून, तिथेच निघायचे.

अठ्ठावीस वर्षांची सवय. धनीरामने वहाणा काढल्या, डबी टाकली, आणि त्याच हाताने दोन्ही यंत्रेही टोपलीत ठेवली. उर्वशीने मोबाइल ठेवला. टोपली कैलाशच्या डोक्यावर गेली. त्याला वाटले हे दोघे दर्शनाला निघाले. तो गाडरस्त्याने गेला, हे दोघे हात जोडून राईतून.

पलीकडच्या टोकाला सगळे भेटले. राहिलेली हद्द पुरी झाली आणि तिघे बोडीच्या, म्हणजे तिथल्या लहान तळ्याच्या, काठावर जेवायला बसले. लहान यंत्रावर काळी रेघ पुरी जुळून आली होती आणि खाली हेक्टरांचा आकडा. उर्वशीने तो कागदावर लिहून घेतला. काम झाले.

धनीरामला मात्र चैन पडेना. भाताचा घास हातात तसाच ठेवून त्याने मोठे यंत्र मांडीवर घेतले. त्यात रेघेखाली रंग होते. हिरवे कशाचे, निळे कशाचे, हे तो विचारत होता. निळा ठिपका म्हणजे ही समोरची बोडी, असे कळल्यावर त्याला लहान मुलासारखी गंमत वाटली. बोडीपासून बोट सरकवत तो नाल्यावर गेला, नाल्यावरून खडकाळ चढावर. अक्षर न ओळखणारा माणूस तो, पण ते चित्र पायाखालच्या वाटेसारखे त्याला उलगडत गेले. मग त्याचे बोट थांबले.

"राई कुठी हाये?"

कैलाशने तो दाट हिरवा डाग दाखवला. रेघ त्याला वळसा न घालता अलीकडूनच, गाडरस्त्यावरून सरळ गेली होती. वाघदेव, त्याच्याभोवतीचे ऐनाचे वृक्ष, शंभरावर मोहाची झाडे, सगळे रेघेच्या पलीकडे पडले होते. यंत्र टोपलीबरोबर गेले, आणि रेघ यंत्राबरोबर.

उर्वशीचा चेहरा उतरला. हाच आकडा सोमवारी कचेरीत गेला असता. कैलाशने धीर दिला, की अजून ऊन आहे, राईतून पुन्हा फिरून घेऊ, लहान्यावरही नीट रेघ येईल. चूक कळली ना, मग झाले. घ्यायचे ते लहानच घ्या.

पळवाट अशी अंथरूनच ठेवली होती. धनीरामने घास परत डब्यात ठेवला. लहान यंत्र उचलून त्यातली काळी रेघ पाहिली. किती साधीसुधी दिसत होती ती, कुठे काही कमी असल्यासारखे वाटतच नव्हते. बोडीत एक बगळा पाऊल उचलून उभा होता. तो उडून गेला तरी धनीराम तसाच बसला होता.

"उर्वशी, मोठंच घ्या लागन," तो म्हणाला.

"काहून मामाजी? तुमी असता ना संग."

"होतोच ना मी संग. पुढंच होतो. आन देवाले बाहेर टाकून आलो." त्याचा आवाज चढला नव्हता. "मी असून हे झालं. मी नसन तवा तुमाले कोन दाखवन? लहान्यानं माही चूक झाकली. यानं दाखवली. चूक दाखवते थेच घरी न्या लागते, बाई."

उर्वशीला पुढचे कळत होते, म्हणून ती खाली पाहत म्हणाली, की मग जाळरेषेला पुढे कोण? धनीराम डबा बंद करून उठला.

तिघे पुन्हा राईकडे आले. आता रीत मोडायची होती. उर्वशीचे पाय अडखळले. विकतची वस्तू आत कशी न्यायची? धनीरामने वहाणा काढल्या, बोडीवरून आणलेल्या पाण्याने हात-पाय धुतले आणि दोन्ही हातांच्या ओंजळीत मोठे यंत्र धरले, जसा नैवेद्य धरतात.

"बाप्पा," तो राईच्या तोंडाशी उभा राहून म्हणाला, "तुह्या घराची भिंत लिहून राहिलो. रागावशीन तं माह्यावर राग. ही लेकरं नवीन हायेत."

आणि तो आत गेला. सानगडीच्या सप्ताहात टाळ घेऊन उभे राहताना तो जसा डोळे अर्धे मिटायचा, तसे मिटून. पान वाजत नव्हते. देव उजव्या हाताला होता. पलीकडे बाहेर पडला तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता आणि रेघ वाघदेवाला पोटात घेऊन नीट वळलेली होती.

इथे कैलाशने सुचवले की या जागेवर खूण करून ठेवू. नंबर एक, नंबर दोन, असे पुरे.

"देवाले का नंबरानं हाका मारतेत?" धनीराम म्हणाला. "नाव लिहाले जागा हाये ना यात?"

मोठ्यात जागा होती. यंत्र आता गावातच राहणार होते. मग त्या दुपारी आणि दुसऱ्या सबंध दिवशी धनीराम हद्दीवरून पुन्हा चालला, आणि उर्वशी लिहीत गेली. एकमेकांना लागून वाढलेले दोन ऐन, ते दोन बहिणी. कोरड्या सालात बायजाबाईने एकटीने वाळू उपसून गुरांना पाणी काढले, तो बायजाबाईचा झरा. वऱ्हाड पावसात अडकले तो नवरीचा दगड. अस्वलाची खोली. रडका मोह. प्रत्येक नावामागची गोष्ट तो सांगायचा, ती ऐकायची, कधी हसायची, कधी पुन्हा विचारायची, आणि बोट पदराला पुसून नाव टिपायची. एकसष्ट नावे झाली. पहिल्याच संध्याकाळी घरी आल्यावर रुखमाने विचारले होते, काय ठरले? त्याने सांगितले. तिने ताटात भात वाढला, जरा जास्तच वाढला.

पुढच्या फागुनात जाळरेषा निघाली तेव्हा पुढे उर्वशी होती. भैय्याजी तिच्यामागे, मग बायामाणसे, खराटे, पाण्याचे डबे. धनीराम शेवटी, पाला झाडत. नाल्यापाशी वाट तीन ठिकाणी फुटते. तिथे रांग थांबली. भैय्याजींनी मान वळवली, मागे पाहिले आणि धनीरामने सवयीने तोंड उघडले. तेवढ्यात उर्वशी हातातल्या काचेत बघून डाव्या अंगाला वळलीही होती. वाट बरोबर होती. धनीरामने तोंड मिटले, खराटा या हातातून त्या हातात घेतला आणि सगळ्यांच्या मागून तोही डावीकडे वळला.

तेव्हा बाबांनो, बायांनो, एवढे एक मागणे आहे. कधी त्या जंगलात गेलात आणि कोणी तुम्हाला त्या यंत्रातली एकसष्ट नावे वाचून दाखवली, तर ती ऐकून झाल्यावर क्षणभर थांबा. सांगणाऱ्याचे नाव त्यात कुठेच नाही, ते लिहायचे कोणाला सुचले नाही आणि त्याने सांगितले नाही. ते तेवढे तुम्ही आठवा. धनीराम.