हात हलवला की खाली यायचं

मित्रांनो, मला टिटवी म्हणतात, पण मी पक्षी नव्हे. मी एक जुनी ड्रोन आहे. चार पंखांपैकी एक तुटलेला, दुसरा चिकटपट्टीनं बांधलेला आणि पोटाखाली एक गंजका आकडा, असा माझा अवतार. अमेरिकेत, सनीव्हेलमधल्या एका अपार्टमेंटच्या दिवाणखान्यात, टीव्हीशेजारच्या फळीवर मी बसलेली असते. पाहुणे येतात आणि विचारतात, "हीच का ती?" हो बाबांनो, हीच ती. माझं कौतुक ऐकायला आला असाल तर फार वेळ थांबू नका. माझी कहाणी ऐकायला आला असाल तर बसा.

माझा जन्म कारखान्यात झाला. आईबाप कोण, ते ठाऊक नाही. हल्लीच्या ड्रोनांना म्हणे हजार गोष्टी शिकवतात. वाट ओळखायची, गाडी ओळखायची, आपला कोण नि परका कोण तेही ओळखायचं. माझं शिक्षण एका इयत्तेचं. समोर कुणी हात हलवला, की खाली यायचं, त्याच्यासमोर थांबायचं आणि त्याचा फोटो काढायचा. संपली शाळा. पण तेवढं मला पक्कं येत होतं, आणि ज्याला एकच गोष्ट पक्की येते त्याला गर्व फार असतो.

मला विकत आणलं विनयनं. विनय सांता क्लारातल्या एका कंपनीत इंजिनिअर. त्यानं मला त्याच्या मुलाला, सत्यजितला दिलं. सत्यजित तेव्हा कॉलेजात होता. पहिल्या दिवशी त्यानं मला पार्कात नेलं. तिथं महाराष्ट्र मंडळाची पंगत बसली होती. मी किंचाळत वर उठले आणि नेमकी मसालेभाताच्या पातेल्यावर जाऊन थांबले.

"अगं बाई, ही टिटवी कुठनं आणलीस? जेवणावर ओरडतीय मेली!" विनयच्या आईनं, सुमित्रा आजीनं डोक्यावर हात धरला. "आणि माझा पदर उडवू नको म्हणावं, मी काय सिनेमातली नटी आहे का!"

तेव्हापासून मी टिटवी झाले.

काय दिवस होते ते! बारशी, वाढदिवस, पार्किंगमधली गणपतीची मिरवणूक, सगळं मी वरून पाहिलं. मुलं हात हलवायची, मी खाली यायची, मुलं ओरडायची. सत्यजितची चुलत बहीण आन्या तर चालायला लागायच्या आधीपासून मला हात हलवायची. तिला वाटायचं, मी तिचीच पाळलेली आहे. मलाही तसंच वाटायचं.

सुमित्रा आजीचं थोडं सांगायला हवं. आजी साताऱ्याकडची, शाळा चौथीपर्यंत, जीभ मात्र पदवीधर. या घरात तिचा एक नियम होता. दारात कुणीही उभा राहिला, मग तो कुरिअरवाला का असेना, आधी पाणी द्यायचं. नाव, गाव, काम सगळं नंतर. लहानपणी सत्यजित पाण्याचं भांडं घेऊन कुरिअरवाल्यामागे जिन्यावरून पळायचा. ते बिचारे बावरायचे. एकानं तर घाईनं "नो, थँक यू" म्हणत खोकं दारात टाकलं आणि धूम ठोकली. आजी वरून ओरडली, "विष नाहीये रे त्यात!"

मग एक दिवस सत्यजितनं नोकरी सोडली. लांब पूर्वेकडे एका देशात लढाई चालली होती. बातम्यांत रोज असते, तीच. तिथं स्वयंसेवक म्हणून जातो म्हणाला. ड्रोन उडवणारी माणसं त्यांना हवी होती.

विनय भडकला. "अर्धं आयुष्य मी व्हिसाच्या रांगेत घालवलं, ते तू दुसऱ्याच्या लढाईत जावंस म्हणून?"

"बाबा, इट्स नॉट समबडी एल्सेस..."

"मराठीत बोल! आजीला कळू दे काय म्हणतोयस ते."

आजीला सगळं कळलं होतं. "जाऊ दे त्याला," ती म्हणाली. "आमच्या गावात घरटी एक जवान असतो. या घरात सगळे खुर्चीत बसून पाठी मोडून घेणारे. एकाची तरी छाती निघाली."

सत्यजितनं मला सामानात बांधलं. जाण्याआधी त्यानं माझं एक बटण बंद केलं. हात हलवण्याचं. "तिकडे हे चालणार नाही, टिटवी," तो म्हणाला. माझी एकुलती एक इयत्ता त्यानं पुसून टाकली. मला राग आला नाही. मला वाटलं, आता मी मोठी झाले.

तिथं मोडलेल्या सूर्यफुलांची शेतं होती आणि शेतांच्या कडेला झाडांच्या रांगा. आमची माणसं एका खंदकात होती. सत्यजित त्यांच्या मागे तळघरात बसायचा, डोळ्यांना चष्म्यासारखा पडदा लावून. मी बघायची ते त्याला दिसायचं. माझ्या पोटाखाली आकडा बसवला तो तिथंच. खंदकात सामान न्यायला रस्ता सुरक्षित नव्हता. म्हणून मी त्या आकड्याला अडकवून आमच्या माणसांना पट्ट्या, बॅटऱ्या, पाण्याच्या बाटल्या पोचवायची.

आणि मी शत्रू बघायला शिकले. मोठी फौज येईल असं तुम्हाला वाटत असेल. तशी ती येत नाही. फौज दिसली की वरून मार बसतो, हे त्यांनाही कळतं. ते येतात दोघं, नाही तर तिघं. धुक्यात येतात. अंगाची ऊब दिसू नये म्हणून जाड चादर पांघरतात. कधी मोटरसायकलवर सुसाट येतात, कधी झाडाखाली इतका वेळ पडून राहतात, की दगडच वाटावा. दोघं इकडून, दोघं तिकडून, आणि सगळे एका पडक्या घरात जमले की मग हल्ला.

सगळ्यात वाईट डाव वेगळाच होता. तो सत्यजितनं ओळखला. ते आधी एक माणूस उघड्यावरून चालवत पाठवायचे. नवखा, दमलेला, नीट बंदूकही धरता न येणारा. आमच्या बाजूनं त्याच्यावर गोळी झाडली, की आमच्या जागा उघड्या पडायच्या. मग खरे लढणारे दुसऱ्या बाजूनं यायचे. तो पहिला माणूस म्हणजे आमिष. गळाला लावलेलं गांडूळच म्हणा. त्याला कुणी परत बोलवत नसे.

"पहिल्याकडे बघायचं नाही," सत्यजितनं सगळ्यांना सांगितलं. "दुसरे कुठून येतात ते बघायचं." त्याच्या या निरीक्षणानं आमची बरीच माणसं वाचली. वरचे अधिकारी येऊन त्याचा हात हातात घेऊन गेले. मला एका सैनिकानं पंखांवर रंगानं फूल काढून दिलं. मी फुगले होते, मित्रांनो. एका इयत्तेची टिटवी, आणि लढाईचे डाव ओळखते!

पुढे एका झाडाला धडकून माझा पंख तुटला. तळघराजवळ गोळा फुटून सत्यजितचाही खांदा निकामी झाला. आम्ही दोघं घरी आलो.

आजीनं त्याला ओवाळलं, मलाही ओवाळलं. फोन करकरून सगळ्या ओळखीपाळखीत सांगितलं. सत्यजित मात्र फारसा बोलत नसे. कुणी विचारलं तर "ठीक होतं" म्हणायचा आणि उठून बाल्कनीत जायचा. मी फळीवर बसून धूळ खात होते. ते मला बरं वाटायचं. धुळीत कुणी काही विचारत नाही.

आणि मग खंडेनवमी आली. या दिवशी शस्त्रांची, हत्यारांची पूजा करतात, हे तुम्हाला माहीत असेल. या घरात पाटावर विनयचा लॅपटॉप, गाडीच्या किल्ल्या, आजीची विळी आणि मिक्सर असं सगळं मांडतात. धूप लावला की छतावरचा धुराच्या इशाऱ्याचा भोंगा बोंबलतो, म्हणून खिडक्या सताड उघड्या. पण यंदा आजीनं सगळी हत्यारं बाजूला सारली आणि मला पाटाच्या मधोमध ठेवलं. झेंडूचा हार घातला. दिवाणखाना पाहुण्यांनी भरला होता, पुढे मुलं मांडी घालून बसली होती.

"प्रीता, तू जरा सरक, मुलांना दिसू दे," आजीनं शेजारच्या प्रीता मावशीला हटकलं. मग सत्यजितकडे वळली. "सांग रे या पोरांना. शत्रू कसा येतो नि तू कसा ओळखलास, सांग. नुसत्या व्हिडिओ गेमवर वाढलीत."

"आजी, नको ना."

"नको काय? लाजतोस कशाला? चोरी केलीस?"

सत्यजित खाली बसला. मुलं ऐकेनात तेव्हा त्यानं सांगायला सुरुवात केली. दोघादोघांचं येणं सांगितलं, चादर सांगितली, मोटरसायकल सांगितली. मुलं डोळे विस्फारून ऐकत होती. आजी प्रत्येक वाक्याला पाहुण्यांकडे बघत होती. मग तो आमिषावर आला.

"एकदा दुपारी असाच एक माणूस आला. एकटा. आम्ही गोळी झाडली नाही. तो शेताच्या मधे येऊन खाली बसला. बंदूक लांब फेकली, हेल्मेट काढलं. मग त्याला वर टिटवी दिसली आणि तो हात हलवायला लागला."

आन्या एकदम गुडघ्यांवर उठली. तिचा चेहरा फुलला होता. "देन टिटवी वेंट डाउन! हो ना दादा? त्याने वेव्ह केलं, मग ती खाली गेली!"

तिला दुसरं काही सुचणंच शक्य नव्हतं. तिच्या जगात हात हलवला की टिटवी खाली येते.

सत्यजित तिच्याकडे वळला. "नाही," तो म्हणाला. "मी ते बंद केलं होतं."

"बट व्हाय?"

मग आजीनंच विचारलं. तिचा आवाज अजून कौतुकाचाच होता. "कशाला हलवत होता रे तो हात?"

"पाणी मागत होता. असं... तोंडाकडे करून दाखवत होता."

"आणि तुमच्याकडे पाणी नव्हतं."

"होतं. टिटवीच्या आकड्याला बाटली लावलेली होती. खंदकात न्यायची होती." त्यानं माझ्या पोटाखाली बोट दाखवलं. "पण आदेश होता. झाडांवरून ड्रोन हलवायचा नाही. मी टिटवीला खाली नेलं असतं तर दुसरे निसटले असते. ते आले, आजी. खरंच आले. आम्ही त्यांना थांबवलं. खंदकातले सगळे वाचले."

विनय पुढे झाला. "बरोबरच केलंस. त्यात काय चूक?"

"आदेशाचं मी काही बोलत नाही," आजी म्हणाली. "लढाई मला कळत नाही. नंतरचं सांग."

सत्यजितनं मान खाली घातली. "नंतर सगळे नाचायला लागले. माझी पाठ थोपटत होते. मी टिटवीला माघारी आणलं, बॅटरी बदलली. कुणीतरी कॉफी दिली, ती प्यायलो. मी त्याला विसरलो, आजी. आदेश दुपारपुरता होता. पुढचं मी नुसतं विसरलो. सकाळी धुकं उठलं तेव्हा तो तिथंच बसलेला होता. बर्फ पडून गेला होता."

मित्रांनो, तो एकटा विसरला असं समजू नका. माघारी येताना मी त्या माणसाच्या अगदी डोक्यावरून आले होते. त्यानं पुन्हा हात हलवला होता. माझ्या पोटाशी बाटली डुचमळत होती. माझं बटण बंद होतं, हे खरं. पण मला तेव्हा काय वाटत होतं ते सांगते. मला माझ्या पंखांवरचं फूल आठवत होतं. आज आणखी एक फूल मिळेल, असं वाटत होतं. त्या पाटावर, झेंडूच्या हारात, मला हे आठवलं आणि फुलांसकट जमिनीत जावंसं वाटलं.

आजी कुंकवाचं बोट तसंच धरून उभी होती. माझ्या कपाळाला लावायचं होतं ते. पाहुणे खाली बघत होते. एका बाईनं उगाच मुलाचा शर्ट नीट केला.

"मीच पाठवलं होतं तुला," आजी म्हणाली. "छाती काढून जा म्हटलं. पाणी देऊन ये, असं काही म्हटलं नाही. मला वाटलं, ते तर येतंच या पोराला."

"आजी..."

"गप. रडू नको पोरांसमोर. नाही तर रड. रडच."

तिनं कुंकवाचं बोट पदराला पुसलं. कोऱ्या इरकलीवर लाल डाग पडला, तो तिनं पाहिलासुद्धा नाही. माझ्या गळ्यातला हार काढून तिनं विळीला घातला. मग स्वयंपाकघरात गेली, भांडंभर पाणी आणलं आणि पाटावर माझ्यासमोर ठेवलं.

प्रीता मावशी हळूच म्हणाली, "मशीनला पाणी कशाला, आजी?"

"मशीनला नाही," आजी म्हणाली.

ते पाणी रात्रभर तिथंच होतं. सकाळी आजीनं ते बाल्कनीतल्या कढीपत्त्याला घातलं. माझ्याबद्दल ती आता कुणाला फोन करत नाही. सत्यजितनं मला उघडलं, गंजकी तार जोडली आणि ते बंद केलेलं बटण पुन्हा चालू केलं. उडता तर येणार नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. तरी त्यानं ते केलं आणि बराच वेळ मला मांडीवर घेऊन बसला.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा, आमची धूळ पुसा. मला पुसू नका. फूलही वाहू नका. मी काय शिकले होते आणि काय विसरले, तेवढं लक्षात ठेवा. तुमचे डाव, तुमचे खेळ, तुमची मोठी मोठी कामं सगळी होऊ द्यात. जिंकलात तर नाचाही. पण नाचायच्या आधी एकदा मागे वळून बघा, शेतात कुणी बसलंय का.

आन्या अजून येता-जाता मला हात हलवते. माझा छोटा हिरवा दिवा लुकलुकतो. मी खाली यायचा फार प्रयत्न करते, पण मला येता येत नाही.

तुम्हाला येतं.