जवाईबुवांनी रंगवलेली फटफटी

अकोल्याच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी सत्तावीस वर्षं फिजिक्स शिकवतोय. दरवर्षी फळ्यावर बॅटरी, तार आणि बल्ब काढून पोरांना बजावतो, की करंट निघाला की त्याला परत यायलाही रस्ता लागतो. रस्ता तुटला की सगळं ठप्प. माझी काही पोरं आज वीज खात्यात इंजिनिअर आहेत. ही बढाई नाही. पुढचं वाचताना माझी लायकी तुमच्या ध्यानात राहावी, म्हणून सांगतोय.

माझी सासुरवाडी हिवरखेडची. सासरे वामनराव, म्हणजे आमचे मामाजी, यांची झेंडूची बाग. त्यांच्याकडे चौऱ्याहत्तर सालची फटफटी होती. चाळीस वर्षं त्यांनी तिच्यावरून झेंडूची पोती अकोल्याच्या बाजारात नेली. लग्नाच्या वर्षी सासूबाई पार्बताबाई तिच्यावर मागे बसून कौंडण्यपूरच्या जत्रेला गेल्या होत्या. अलीकडे फटफटी शेडमध्ये उभी असायची. मामाजी रोज संध्याकाळी तिला एकदा चालू करायचे, थोडा वेळ ऐकायचे आणि बंद करायचे.

माझा मेहुणा कुंदन याला शेडमध्ये ठिबकच्या नळ्या ठेवायच्या होत्या. जुन्या गाड्या जमवणारा अमरावतीचा प्रीतम नावाचा एक माणूस त्यानं गाठला. मामाजी हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. त्या दिवशी ते जेवले मात्र नाहीत. मला राहवलं नाही आणि मी तोंड घातलं, "मामाजी, फटफटी मी नवीकोरी करून देतो. मग कोणाची बिशाद आहे विकायची?" शेवटी ठरलं, की दसऱ्याला फटफटी चालली तर घरात राहील, नाही तर प्रीतम घेऊन जाईल.

ती तेव्हा दहाव्या किकला का होईना, चालू होत होती. ती बंद पाडण्याचं श्रेय संपूर्ण माझं.

मी तिचा सांगाडा सुटा करून त्याला पावडर कोटिंग करून आणलं. इंजिनाला घरी चंदेरी रंगाचे दोन हात मारले. बोल्ट रंगवले, बोल्टांची भोकंही आतून रंगवली. एवढी सफाई मी स्वतःच्या घराला रंग देतानाही केली नव्हती. मग सगळं जोडलं, किक मारली आणि फटफटीनं साधा आवाजसुद्धा केला नाही.

मी प्लग बदलला, कॉइल बदलली, बॅटरी नवी आणली. सगळ्या तारा नव्या ओढल्या. दर रविवारी अकोल्याहून हिवरखेडला जायचं, किका मारायच्या, घामाघूम व्हायचं आणि जेवायला बसायचं, असे अडीच महिने गेले. जेवणात मात्र कसूर नव्हती. जावई आला की सासूबाईंचा हात तुपाच्या भांड्यावरून हलत नाही.

मी अकोल्याच्या जुन्या शहरातून केशवराव मिस्त्रींना घेऊन आलो. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, मग मामाजींकडे पाहिलं. मामाजींनी हळूच मान हलवली. केशवराव म्हणाले, "सर, रंग लय जाड बसला."

"दोन कोट आहेत," मी म्हणालो.

"बोल्टाखालीबी?"

"खाली-वर, सगळीकडे. काम कसं पक्कं पाहिजे!"

केशवरावांनी चहा घेतला आणि ते निघून गेले. मी खूश. मिस्त्रीलाही माझ्या कामात खोट सापडली नव्हती. बायको, दीपमाला, एवढंच म्हणाली, "अवो, बंद गाडी एवढी चमकताना मी पयल्यांदाच पाहून राहिली."

दसऱ्याच्या सकाळी अंगणात पाटावर विळे, खुरप्या, फवारणीचा पंप असं सगळं मांडून हळदीकुंकू वाहिलं होतं. शेजारी फटफटी, तिच्या हँडलला झेंडूचा हार. दसऱ्याचा मुहूर्त साधायला प्रीतम पिकअप घेऊन सकाळीच हजर झाला. मी किका मारायला लागलो. विसाव्या किकला सासूबाईंनी पाणी आणलं. तिसाव्या किकला कुंदन म्हणाला, "जवाईबुवा, दमले असान, बसा ना." चाळिसाव्या किकला माझी चप्पल तुटली. प्रीतमनं पिकअपची फळी खाली सोडली आणि फटफटीच्या हँडलला दोर बांधायला घेतला. मामाजी ओट्यावर बसून त्या दोराकडे पाहत होते.  या माणसाची फटफटी मी घालवली, हे तेव्हा पहिल्यांदा माझ्या डोक्यात नीट शिरलं आणि मला रडू यायला लागलं.

एकदम मामाजी उठले. पाटावरची खुरपी त्यांनी उचलली, हळदीकुंकवासकट, आणि ते माझ्या अंगावरच आले.

"सर बाजूले! गधा कुठचा!"

मी बाजूला झालो. मामाजी गुडघ्यावर बसले. त्यांनी माझ्या पान्यानं सीटखालचा बोल्ट ढिला करून बॅटरीची तार काढली आणि तिच्याखालचा माझा लाडका रंग खरवडला. मग इंजिन सांगाड्याला जिथं जोडलंय, तिथले बोल्ट काढून तिथलाही खरवडला.  चंदेरी पापुद्रे हळदीत पडत होते. लोखंड उघडं पडलं आणि मला माझा फळा दिसला. प्लगमधून निघालेला करंट इंजिनातून आणि सांगाड्यातून, लोखंडालोखंडातूनच बॅटरीकडे परततो. त्याला वेगळी तार नसते. त्याच्या सगळ्या रस्त्यांवर मी दोन-दोन कोट मारून ठेवले होते.

मामाजींनी बोल्ट आवळले आणि किक मारली. दुसऱ्या किकला फटफटी धडधडली. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. प्रीतम भला माणूस. त्यानं निमूटपणे दोर सोडला आणि चहा घेऊन रिकाम्या गाडीनं अमरावतीला परत गेला.

तो गेल्यावर मी विचारलं, "मामाजी, हे तुम्हाला कधी कळलं?"

"पयल्याच दिवशी. तेल्हाऱ्याच्या रस्त्यावर दोनदा अशीच बंद पडली होती. तवा बोल्टाखाली जंग होता."

"केशवरावांनाही कळलं होतं?"

"त्यायले मीच गप केलं."

"मग बोलला काहून नाही? अडीच महिने!"

मामाजी खाली बघत म्हणाले, "जवायाची चूक कशी काढाव? पोरगी देली तुमाले."

"अहो, पण तुमची फटफटी हातची जात होती!"

"गेली असती त गेली असती. पाच मानसांत तुमची मान खाली गेली नसती." ते उठून माझ्यासमोर आले. "मंग तो दोर पाह्यला आन माह्या तोंडातून वंगाळ निंगालं. माफ करा, जवाईबुवा." आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांचे मामाजी माझ्या पायांकडे वाकायला लागले.

मी त्यांचे दोन्ही हात धरले. त्यांना ग्रीस लागलं होतं.  त्यांचा जीव ज्या फटफटीत अडकला होता, ती त्यांनी माझ्या अडाणी मानापायी देऊन टाकायची तयारी ठेवली होती, आणि मी दर रविवारी तूप खाऊन जात होतो.

"मामाजी," मी म्हणालो, "यापुढे चुकलो की तिथंच शिव्या द्या. पोरासारख्या."

त्यांनी डोळे पुसले. 

"मंग आयक," ते म्हणाले, "तुले किक मारताच येत नाही. इकडं ये, दाखवतो."