गोठ्यातला तांब्या

मी एक जुना पितळी तांब्या आहे. माझ्या काठाखाली ‘रामराव’ असं नाव कोरलं आहे. वाशीमच्या बाजारात निजामुद्दीनचाचांनी ते ठोकून काढलं, तेव्हा माझा तोरा काय सांगावा! किन्हीराजा गावातल्या आमच्या घरी पाहुणा आला की आधी मी पुढे. रामरावांची बायको गोजराबाई मला चिंचेनं लख्ख घासायची.

मग रामरावांना प्रोस्टेटचा कॅन्सर झाला. नागपूरला मीही सोबत होतो. तिथे आधी किरणं सोडणारं एक औषध टोचून फोटो काढला. रोग जिथे जिथे दडला होता, तिथे तो उजळून दिसला, हाडांतसुद्धा. मग त्याच जागा शोधून किरणांनी रोग जाळणारं दुसरं औषध शिरेतून दिलं. डॉक्टर म्हणाले, “आठ दिवस लहान मुलं आणि गरोदर बायांपासून लांब राहा. भरपूर पाणी प्या. दीड महिन्यानं पुढचा डोस.”

घरात सून वैजयंती गरोदर होती. रामरावांनी आपणहून गोठ्यात खाट टाकली. उशाशी मी.

मित्रांनो, आठ दिवस सरले. पण सुतक फिटतं तेव्हा अंघोळी होतात, घर सारवतात. हे फिटलं असं कुणी म्हणायचं? जो तो दुसऱ्याची वाट बघत राहिला. गोजराबाई भाकर दारात ठेवून मागे सरायची. पाणी वरूनच ओतायची, मला शिवायची नाही. मला फार वाईट वाटायचं.

औषधानं मात्र गुण दिला होता. रामरावांची कंबर दुखायची थांबली होती. पुढच्या डोसाची वेळ आली, तसा मुलगा भागवत गोठ्याच्या दारात येऊन उभा राहिला.

“बाबा, उद्या नागपूरले जा लागते.”

“मी नाही येत. सुई टोचली का पुन्हा गोठा. नातवाले कवा पाहू मी?”

“डॉक्टर तं आठच दिवस म्हनले होते.”

“मंग मले घरात काहून नाही नेलं?”

भागवत दारातूनच मागे फिरला. रामराव गेलेच नाहीत. रोग पुन्हा हाडांत उठला, आणि मग नागपूरच्या डॉक्टरांनीही हात टेकले.

शेवटच्या दिवशी गोजराबाईनं मला दोन्ही हातांनी उचललं.

“पानी घेता का, जी?”

“आता भेव नाही लागत तुले?” ते म्हणाले. एक घोट आत गेला, बाकीचं पाणी मानेवरून ओघळलं.

आता मी गोठ्याच्या आढ्याला उपडा टांगलेला आहे, हिरवा पडलो आहे. रामरावांची नात माझ्याकडे हात करते, तर वैजयंती तिला ओढून नेते, “नोको लावू हात त्याले!”

मित्रांनो, ती किरणं केव्हाच आपोआप विझली. डॉक्टरांनी सांगितलं तेवढे दिवस जरूर लांब राहा, पण नंतर आपल्या माणसाला हाताला धरून घरात न्या. आणि मला कुणीतरी एकदा घासा. त्या पोरीला तिच्या आजोबांच्या तांब्यातलं पाणी पाजा.